नवमीची गिटार

गोव्यात लाटंबार्शाला आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कुणाचा मोबाइल बंद पडला किंवा कुणाची स्कूटर सुरू होईना, की कुणीतरी म्हणतंच, "सगुणाक हाक मार रे, तो बॅटरीवालो." मग बाकीचे हसतात. सगुणदादा जवळ असला तर तोही थोडा हसतो. मला त्या हसण्याचा राग येतो, आणि राग आला की मला नीट बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे. शेवंतीकाकी, म्हणजे त्याची आई, देवाच्या पोथीशिवाय दुसरं काही वाचत नाही, हे ठाऊक आहे म्हणूनच हे कागदावर आणायला धजले.

सगुणदादा आमचा शेजारी. दोन घरांच्या मध्ये विहीर आहे, एवढंच अंतर. त्याचे आजोबा दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. वडील, बाबलकाका, खनिजाचा ट्रक चालवायचे. खाण बंद झाली तेव्हा ट्रक अंगणाच्या कडेला उभा केला, तो अजून तिथेच आहे. त्याच्या हौद्यात आता काकीची लाकडं सुकतात. सगुणदादा बारावीनंतर डिचोलीच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवायचा. त्यातही फक्त मेटल.

मेटल म्हणजे काय ते मला त्याच्याकडूनच कळलं. गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, इतका की तारेला नुसतं बोट लागलं तरी कौलं थरथरावीत. आणि मग तो फाटलेला आवाज तळहाताच्या कडेने जागच्या जागी दाबून टाकायचा. "वाजवता कोण पण," तो म्हणे, "थांबवूक येवक व्हया." त्याने बसवलेल्या चालींना रस्त्यांची नावं होती. एकीचं नाव साळचा चढ. दुसरी, त्याची सगळ्यात लाडकी, रिकामो ट्रक. लहानपणी तो बापाशेजारी केबिनमध्ये बसून जायचा. माल उतरवून येताना रिकाम्या हौद्याची मागची फळी प्रत्येक खड्ड्यात आपटायची. तो ठेका त्याच्या हातात राहिला होता. ही चाल वाजायला लागली की बाबलकाका अंगणातून उठून आत जायचे. त्यांना आवाज सहन होत नव्हता की ओळखू येत होता, ते मला सांगता येणार नाही.

त्याचे काळे सदरे धुऊन धुऊन विटकरी झाले होते. तारा छेडायची पट्टी तो तेलाच्या डब्याच्या झाकणातून कापून काढायचा. बसमध्ये बसला की उजवा हात मांडीवर चालू, त्यामुळे शेजारचा माणूस हळूहळू सरकून बसायचा. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे माझं नाव त्याने 'कॉलेज' ठेवलं होतं. "ये कॉलेज, हयसर ये, कान दी," असं म्हणून तो मला ओट्यावर बसवायचा आणि एकच तुकडा दोन तऱ्हांनी पुनःपुन्हा वाजवून विचारायचा, "खयचो बरो?" मला दोन्ही सारखेच वाटायचे. मी काहीतरी सांगायची. तो ते गंभीरपणे ऐकून घ्यायचा.

तो नेहमी विहिरीकडे तोंड करून वाजवायचा. खिडकीत उभा, गिटार पोटाशी, डोळे विहिरीवर. माझ्या आईला ते खटकलं. वाड्यावरच्या बायका तिथे पाणी काढतात, कपडे धुतात. तिने थेट बाबलकाकांना सांगितलं, "तुमचो झील बायलमाणसांक बघीत उभो रवता." काकांनी त्याला बोलवून विचारलं. तो लाजला नाही, चिडलाही नाही. माझ्या आईला म्हणाला, "मावशे, भितर ये. तुकाच दाखयतंय."

आई गेली, मागून मी गेले. त्याने गिटार केबलने भोंग्याला जोडली आणि तारांना हात न लावता नुसता उभा राहिला. भोंग्यातून गुणगुण सुरू झाली, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी. मग तो जागच्या जागी हळूहळू फिरला. दाराकडे तोंड केलं की गुणगुण वाढे, देवाच्या खोलीकडे केलं की आणखी वाढे. विहिरीकडे वळला आणि ती जवळजवळ गेलीच.

"होय गो बाये," आई मला म्हणाली. "हयसर गप रवता."

त्याने मग समजावून सांगितलं. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वरची तार हलली की खाली वीज हलते, आणि त्याच विजेचा पुढे आवाज होतो. त्याच्या गिटारला साधे पिकअप होते, पॅसिव्ह. त्यांना बॅटरी लागत नाही. पण घरातल्या वायरींची, फ्रीजची, ट्यूबची गुणगुणही ते पकडतात. आमच्या घरांना अर्थिंग नावालाच, त्यात मेटलसाठी आवाज इतका वाढवलेला, की ती गुणगुणही तेवढीच वाढते. दुसरे असतात अ‍ॅक्टिव्ह. त्यांत छोटं सर्किट असतं आणि ते चालवायला गिटारच्या पाठीत चौकोनी बॅटरी बसवतात. ते वाजतात तेव्हा प्रत्येक ठोका ठाम आणि सारखा येतो, थांबतात तेव्हा चिडीचूप. मेटल वाजवणारे बरेच जण तेच घेतात.

"मगे तू कित्या घेणस नाय?" आईने विचारलं.

"थोडी गुणगुण असली म्हणान काय झाला, मावशे? माणूस गप बसलो तरी श्वास घेताच मगे."

आईला ते पटलं असावं, कारण त्यानंतर विहिरीवर कुणी कुरकुर केली की तीच म्हणायची, "रवांदे गो, तो वायरी बघता."

खंडेनवमीला त्यांच्या घरात हत्यारांची पूजा असते. कोयता, कुऱ्हाड, ट्रकचा जॅक आणि पाने, काकीचा आडाळा म्हणजे विळी, सगळं धुऊनपुसून देवासमोर पाटावर मांडायचं. मांडलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. एका वर्षी सगुणदादाने आपली गिटार पाटाच्या कडेला नेऊन ठेवली. बाबलकाका अंघोळ करून आले. त्यांनी ती उचलली, माळ्यावर ठेवून दिली आणि पुन्हा हात धुतले.

"हयसर हत्यारां बसतत," ते म्हणाले. "जेच्यार घर चलता ती. ह्या खेळणा."

सगुणदादा म्हणाला, "ट्रक पण चलणा नाय, बाबा. तरी जॅक बसता."

त्या वर्षी बापलेक दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. ट्रकबद्दलचं ते वाक्य आपण बोलायला नको होतं, हे तो मला नंतर म्हणाला. पण गिटार पाटावर बसावी ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नव्हती. दर नवमीला तो माळ्याकडे बघायचा.

मग मोरजीहून बोलावणं आलं. तिथे समुद्राकाठच्या एका जागेत मोसमभर वाजवणारा एक बँड होता. त्याचा म्होरक्या आंद्रे, ड्रम वाजवणारा. त्याने सगुणदादाचा फोनवर काढलेला व्हिडिओ कुठेतरी पाहिला होता. सगुणदादा जाऊन वाजवून आला. परत आल्यावर त्याने ओट्यावर बसून आंद्रेची नक्कल केली.

"पात्राव, तूं बरो वाजयता. पूण तुजी गिटार तूं वाजयचे आदींच वाजता."

तिथे जनरेटर, रंगीत दिवे, बर्फाची मशीनं. फिरून फिरून कुठे तोंड करणार? समुद्राकडे केलं तर लोकांकडे पाठ होत होती. आंद्रेने स्वच्छ सांगितलं होतं: अ‍ॅक्टिव्ह घालून ये, दसऱ्याच्या संध्याकाळी पहिला कार्यक्रम, तो नीट झाला तर मोसमभराचं काम. नाहीतर दुसरा बघतो.

एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस किती अडतो, असं मला तेव्हा वाटलं होतं. तो सगळ्यांना विचारत सुटला. मला, माझ्या आईला, डिचोलीच्या बसच्या कंडक्टरला. एकीकडे म्हणायचा, अ‍ॅक्टिव्ह म्हणजे धुतलेली गिटार, कुणीही वाजवली तरी तशीच वाजते. दुसरीकडे म्हणायचा, पण थांबवल्यावर जी शांतता मिळते ती मला कधी मिळालीच नाही. बाबलकाका एकदाच बोलले, "पगार मेळता तर बॅटरी घाल नायतर डायनॅमो घाल."

शेवटी निर्णय शेवंतीकाकीने दिला. ती मागच्या पायरीवर तारले मासे साफ करत होती, मी शेजारी बसले होते. त्याने तिलाही सगळं समजावलं.

"म्हणजे एक आपल्या बळार चलता," काकी म्हणाली, "आणि दुसऱ्याक खावक घालूचा लागता."

"होय."

"मगे घाल खावक. पोटाक घातल्याबिगर कोण काम करता?"

त्याने हसून तिला फोनवर दोन संच दाखवले. एकावर, आवाज चालू असल्याची खूण म्हणून, बारीकसा तांबडा दिवा होता. काकीने माशाचा हात लांब धरून मान पुढे केली. "दिवो आसा तो घे."

"आये, त्या दिव्याक कायच काम नाय. उगाच बॅटरी खाता."

"खावंदे. दिवो लागलो की बरा वाटता."

त्याने तोच घेतला. मी विचारलं तर म्हणाला, "ह्या घरात गिटारीकडे कोणी पयल्यांदाच कायतरी मागितला, कॉलेज. नको कसा म्हणू?"

पिकअप त्याने स्वतःच बसवले. जुने जोडी करून, जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवले. केबल खोचली तसा दिवा लागला. काकी दारात उभी होती.

"ह्या लायला की लागता?"

"होय. केबल लायली की चालू, काढली की बंद. म्हणान वाजवून झाला की पयली केबल काढूची."

त्याने वाजवलं आणि मध्येच तारा दाबल्या. खोलीत काहीच उरलं नाही. विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर ऐकू आली. आता तोंड कुठेही करून चाललं असतं, तरी तो विहिरीकडेच उभा होता.

नवमीच्या सकाळी त्याने मला कुंपणावरून हाक मारली. "ये कॉलेज, बघूक ये." पाटावर जॅकशेजारी गिटार होती. काकीने ठेवली होती. झेंडूचं फूल तारांत खोचलेलं. बाबलकाका आले, त्यांनी पाहिलं. कोयत्याला कुंकू लावलं, जॅकला लावलं, आडाळ्याला लावलं, आणि मग, बोट पुन्हा करंड्यात बुडवून, गिटारला लावलं. सगुणदादा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा उजवा हात मांडीवर चालला नव्हता, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मंच लावायच्या कामाला तो लगेच मोरजीला गेला. रात्री तिथेच राहायचं होतं. दसऱ्याला दुपारी येऊन, पूजा उतरली की गिटार घेऊन पुन्हा निघणार होता. तसाच तो आला. केबल गुंडाळी करून बाजूला ठेवलेली होती, जशी त्याने ठेवली होती तशीच. त्याने गिटारला नमस्कार केला आणि ती पिशवीत घातली. काकीने त्याच्या कपाळाला अंगारा लावला. मी आणि माझा भाऊ त्याच्याबरोबर गेलो.

ऊन असतानाच आवाज तपासून झाला, ठीक वाजला. अंधारून आलं तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. पहिलं गाणं चांगलं झालं. मला त्यातलं कळत नाही, पण आंद्रे ड्रमवरून त्याच्याकडे बघून हसला, एवढं मी पाहिलं. दुसरं होतं रिकामो ट्रक. समोरची परदेशी माणसं मान हलवायला लागली, आणि मला उगाचच बाबलकाका तिथे असायला हवे होते असं वाटलं.

मग आवाज बारीक झाला. नाक धरून कुणी बोलावं तसा. मग खरखर, मग काही नाही. सगुणदादाचा हात आणखी थोडा वेळ चालत राहिला. ड्रम आणि बेस चालूच होते. त्याने खाली पाहिलं, दिवा विझला होता.

बॅटरीची झडप चार बाजूंनी स्क्रूने बंद. जवळ दुसरी बॅटरी नाही, कारण पूजेच्या थोडे दिवस आधीच त्याने नवी घातली होती आणि पूजेपर्यंत ती दोनचार तालमींपुरतीच वापरली होती. मी आणि भाऊ धावलो. मोरजीच्या त्या रस्त्यावर टोप्या मिळतात, उन्हाची मलमं मिळतात, बाटल्या मिळतात. चौकोनी बॅटरी मिळाली ती फार आत, गावातल्या दुकानात. घेऊन आलो तेव्हा मंचावर दुसराच माणूस वाजवत होता. पाहुण्यांपैकीच कुणी, त्याची गिटार त्याच्या खोलीत होती, त्याने ती आणली होती. सगुणदादाचीच केबल तिला लावली होती. सगुणदादा मंचाच्या बाजूला उभा होता. मी बॅटरी दिली ती त्याने घेतली आणि कार्यक्रम संपेपर्यंत हातात धरून ठेवली.

आंद्रे वाईट माणूस नव्हता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हांव तुका दोश दिना. पूण लोक बॅटरी खातीर रावनात." तो पाहुणा मोसमभर राहणार होता, हे आम्हाला तिथेच कळलं.

परत येताना गाडीत तो एकदाच बोलला. "जुनी असती तर गुणगुणली असती गो. मेली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तर तो दात घासत होता. काकी कळशी घेऊन आली. तिला अजून काही माहीत नव्हतं. ती खुशीत होती.

"काल कसा झाला रे? होवचाच बरा. देवीसमोर नवमीपासून दिवो तेवत ठेवलंय मी."

"कसलो दिवो?" मी विचारलं.

"ह्येच्या गिटारीचो. केबल लायलंय आणि सोडलंय. रातीक उठान बघलंय, समई आणि ह्येचो दिवो, दोनय तेवत होते. तो येवच्या आदी काढून ठेवलंय. कोणी हात लायलेलो तेका आवडना नाय."

सगुणदादाने तोंडातला हात काढला. "विझलो नाय मगे?"

"एकदाय नाय."

"बरा केलंस, आये," तो म्हणाला.

त्याने मला गप्प राहायला सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि चूळ भरली. मग काकीला म्हणाला, "काल बॅटरी संपली. काम गेला. चूक माजी, बघून घेवक नाय."

यानंतरचं मला विसरता येत नाही. काकी रडली, आणि रडणं संपल्यावर रागावली. पुढे कितीतरी दिवस ती वाड्यावर सांगत फिरली, "इतक्या मोठ्या जाग्यार जावचा आणि बॅटरी बघून नेवक नको? देवीन दिल्यान, ह्येका राखूक येवक नाय." तिचं ऐकून पोरं त्याला बॅटरीवालो म्हणायला लागली. बाबलकाका म्हणाले, "ऐन वेळार मोडता ता हत्यार कसला?" सगुणदादा ताटात बघून जेवत राहिला. मी तेव्हा आमटीची वाटी द्यायला गेले होते.

मी त्याला एकदा विचारलं, तू सांगत का नाहीस?

"सांगलंय तर ती परत दिवो लायताना भियातली," तो म्हणाला.

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. आईसाठी गप्प राहिला हे खरं असेल. पण मला कधीकधी वाटतं, त्याला मोरजीला जाऊन पुन्हा दार वाजवायचं नव्हतं, आणि आईचा दिवा ही त्याला मिळालेली चांगली सबब होती. आंद्रेला खरं सांगितलं असतं तर तो कदाचित हसला असता, कदाचित पुढच्या मोसमाला त्याने बोलावलंही असतं. असं मनात आलं की मला त्याचाही राग येतो, काकीचाही येतो, आणि बाबलकाकांनी नेमकं त्याच वर्षी कुंकू लावलं याचाही येतो. हा राग न्याय्य आहे की नाही, ते मला ठरवता आलेलं नाही.

आता तो पेडण्याच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. थंडीत वादकांच्या लांबट पेट्या येतात, त्या तो इतरांना उचलू देत नाही, असं माझा भाऊ सांगतो. घरात मात्र गिटारचा आवाज नसतो. विहिरीवरच्या बायका म्हणतात, बरी शांतता झाली.

गेल्या नवमीला मी कॉलेजला सुट्टी म्हणून घरी होते. आईने नारळाची वाटी मागायला पाठवलं म्हणून त्यांच्याकडे गेले. सगुणदादा पाळीवरून नुकताच आला होता, विमानतळाचा सदरा अंगातच होता. देवासमोर पाट मांडून तयार. कोयता, जॅक, आडाळा. तो जमिनीवर गिटार पालथी घालून बसला होता आणि तिच्या पाठीतले स्क्रू काढत होता. जुनी बॅटरी काढून त्याने नवी बसवली, ती जिभेच्या टोकाला लावून आधी तपासली. झडप बंद केली, गिटार उलटी केली. तेव्हा मी पाहिलं, तिला तारा नव्हत्या. एकही नव्हती.

त्याने ती जॅकशेजारी ठेवली आणि केबल खोचली. केबलचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. दिवा लागला.

काकी फूल घेऊन आली. तारा नव्हत्या, त्यामुळे ते कुठे खोचावं ते तिला कळेना. मग तिने ते दिव्याजवळ ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

"बघ गो, औंदा कसो लख्ख तेवता."

"होय, काकी," मी म्हटलं.

सगुणदादा जुनी बॅटरी खिशात घालून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला, विहिरीकडे तोंड करून.